टॉवर उतरणार नाही

७ एप्रिल

चि. खार हिस,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत एक भांडण.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधेच तोंड घालतेस आणि माझं वाक्य तुझंच होऊन जातं. रेडिओवर बोलावं तर तिथे आठ जण कान लावून बसलेले, शिवाय घरची भांडणं हवेत काढायला परवान्यानेच बंदी. पत्रात मात्र तुला शेवटपर्यंत गप्प बसून ऐकावं लागेल.

समोरच्या इस्त्रीवाल्यांच्या पाण्याच्या टाकीवर गेल्या आठवड्यात वीज पडली. टाकी फुटली, गल्लीभर पाणी झालं, माणसं सगळी धडधाकट. पण तेवढ्यावरून गल्लीला शोध लागला की वीज गच्चीवरच्या माझ्या रेडिओच्या टॉवरने बोलावली. म्हणजे बोलावली मी आणि गेली ती इस्त्रीवाल्यांकडे! हे मी तोंडावर बोलले. बेकरीवाला हसला आणि तुझे बाबा भडकले.

दादाचं तुला काय सांगायचं? जन्मभर विमा कंपनीत नुकसानीचे अंदाज काढले, आता पेन्शनीत बसून घरातल्यांचे काढतो. काल गच्चीवर आला, कमरेवर हात ठेवून टॉवरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "महिनाअखेरीला वेल्डर येतोय. हे धूड उतरवायचं. घर दोघांचं आहे, नुसता तुझा हट्ट चालणार नाही."

मी म्हटलं, "टॉवर उतरणार नाही. तू वेल्डर आण नाहीतर फौज आण."

मग त्याला शंभराव्यांदा तेच सांगितलं. रोज सकाळी मी आठ जणांची हजेरी घेते. आठही म्हातारे, आठही आपापल्या गावात एकटे. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, तब्येत सांगायची, पुढच्याला जागा द्यायची. जो बोलला नाही त्याच्या शेजाऱ्याला मी फोन लावते. पोस्टमास्तर मोरीत पडून रात्रभर कण्हत होते, ते कुणाला कळलं? त्यांच्या पोराला? हजेरीला कळलं! टॉवर उतरला तर त्या आठांतले पाच मला ऐकूच येणार नाहीत. दादा म्हणाला, "तुला वाटतं तेवढं कोणी तुझ्यावाचून अडलेलं नाही." असं म्हणाला गं. मला जेवण गेलं नाही.

आता कामाचं बोलते. दोन महिन्यांपासून हजेरीच्या वेळी रेडिओत सूंऽऽ असा आवाज घुसतो आणि ढग आले की वर खर्र-खर्र. बाकीचे त्यातून ऐकू येतात, पण घड्याळवाल्याचा सेट लहान आणि आवाज त्याहून लहान. चार-चार वेळा पुकारावं लागतं. पण मीही टेलिफोन एक्स्चेंजात उभी हयात घालवली आहे. रेडिओच्या अर्थिंगची तार घराच्या अर्थिंगपासून कापून टाकली, खिडकीखाली वेगळी सळई ठोकली आणि रेडिओ तिला जोडला. घराची अर्थिंग घराला, रेडिओची रेडिओला. आवाज निम्मा झाला! उरलेला निम्मा कसा घालवायचा तेवढं कळव. वेल्डरचं मी बघते.

तुझी,
आत्या


१५ एप्रिल

ती. आत्यास,

नमस्कार मागाहून. आधी ऊठ आणि ती कापलेली तार परत जोड. जोडलीस? मग पुढे वाच.

मी इथे कमरेला पट्टा बांधून दिवसभर मोबाइलच्या टॉवरांवर चढते-उतरते ती याच कामासाठी. वेगवेगळ्या केलेल्या अर्थिंगा शोधायच्या आणि एकत्र बांधायच्या. आणि माझी सख्खी आत्या, जिने मला रेडिओ शिकवला, ती घरात बसून बांधलेल्या कापतेय. कपाळावर हात मारला तो पट्ट्याची कडी लागली, टेंगूळ आलंय.

नीट ऐक. टॉवरवर वीज पडली की त्याच्या पायाखालची जमीन क्षणभर हजारो व्होल्टवर चढते. तुझी खिडकीखालची सळई मात्र जिथल्या तिथे. हा फरक भरून काढायला वीज वाट शोधणार, आणि तू तिला एकच वाट ठेवली आहेस. टॉवरवरून येणारी केबल, रेडिओ, हेडफोन, तुझं डोकं. सगळं एकत्र बांधलेलं असलं की सगळं एकदम चढतं आणि एकदम उतरतं. फरकच राहत नाही, मग वीज तुझ्यातून जाईल कशाला?

तू आवाज कमी केलास आणि स्वतःला तारेच्या जागी बसवलंस. हौशी माणसंच ही चूक करतात, कारण त्यांना ऐकू येण्याची हाव असते. ज्यांना रेडिओशी घेणंदेणं नाही त्यांना असली बुद्धी सुचतही नाही.

आणि जन्मात पहिल्यांदा लिहितेय, बाबांचं बरोबर आहे. तार जोडायची नसेल तर टॉवर उतरव.

खार


२२ एप्रिल

चि. खारूबाई,

तुझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं आणि डब्यात टाकलं. 'टॉवर उतरव.' तूही? तुला सातव्या वर्षी याच टॉवरच्या पहिल्या आडव्या दांडीवर मी उभं केलं, तुझी आई खालून किंचाळत होती, आणि आज तू मला शहाणपण शिकवतेस! मोठी झालीस म्हणजे माझी आत्या झालीस का गं?

तार जोडलेली नाही. का, ते ऐक आणि मग बोल.

मागच्या महिन्यात, तार कापायच्या आधी, एका सकाळी घड्याळवाला बोललाच नाही. पाच वेळा पुकारलं. त्याच्या शेजाऱ्याला फोन केला, तो बिचारा झोपेतून उठून अनवाणी धावला, दार ठोठावून ठोठावून तोडायच्या बेताला आला. आत घड्याळवाला माइकपाशी घसा फोडून 'हजर, हजर' ओरडत होता! माझ्या सूंऽऽमुळे मलाच ऐकू येत नव्हतं. शेजारी मला म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी नक्की मेला असेल तरच फोन करा." अशी आणखी एक खोटी हाक गेली तर तो शेजारी खरीसुद्धा ऐकणार नाही. तार जोडली की घड्याळवाला बुडतो. आता सांग, मी माझं डोकं वाचवू की त्याचं?

शिवाय मी काही अगदीच वेडी नाही. ढग गडगडले की केबल रेडिओपासून काढते आणि तिचं टोक काचेच्या बरणीत घालून ठेवते. आमचे जुने सगळे असंच करत आलेत. परवा पाऊस नव्हता, नुसता कोरडा वारा आणि वर काळे ढग. केबल काढताना टोकातून ठिणगी उडाली, बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. एवढंच. त्याचं भांडवल करू नकोस.

आणि आकाशाचा स्वभावही बिघडलाय. दुपारी रेडिओ लावावा तर कसा निवांत, सूंऽऽ नाही की काही नाही. सकाळी हजेरीला बसले की याचं सुरू. हजेरी संपली की गप्प. जणू माझ्याशी वैर आहे.

वेल्डर ३० तारखेला येतोय. येऊ दे.

आत्या


२६ एप्रिल

ती. आत्यास,

टॉवर उतरव म्हटलं ते शब्द मागे घेते. तार जोड म्हटलं ते घेत नाही.

घड्याळवाल्याचं वाचलं. तू मला आधी का नाही सांगितलंस? आणि ठिणगीचं असं जाता जाता सांगतेस, जसं काही दूध उतू गेलं! जी वीज ढगातून जमिनीवर उडी मारते ती तुझ्या बरणीच्या काचेला भिऊन माघारी फिरेल का गं? बरणी मोकळी कर, आईला दे.

तुझे आवाज दोन आहेत आणि तू त्यांना एकच समजून मारतेस. खर्र-खर्र आकाशाचा आहे. कोरडा वारा, ढग, पाऊस यांनी अँटेनावर भार साठतो आणि टोकदार टोकांतून फुसफुसत बाहेर पडतो. तीच तुझी ठिणगी. त्याला उपाय सोपा. टोकांवर धातूचे गुळगुळीत गोळे बसव, आणि अँटेनापासून अर्थिंगपर्यंत एक रेझिस्टर लाव, म्हणजे भार साठायच्या आधीच थोडा थोडा जमिनीत गळत राहील. आवाजही जाईल, झटकाही.

सूंऽऽ मात्र आकाशाचा नाही. आकाश तुझ्या हजेरीची वेळ बघून खवळतं होय? सकाळी तेवढ्याच वेळेला घरात काहीतरी चालू होतं, त्याचा कचरा घराच्या तारांतून तुझ्या रेडिओत चढतो. तू अर्थिंग कापलीस म्हणून तो निम्मा झाला. मूळ तिथेच आहे. रेडिओ बॅटरीवर लाव, हजेरीच्या वेळी आईला फ्यूजच्या बोर्डापाशी उभी कर आणि एकेक खोली बंद करायला सांग. ज्या खोलीबरोबर सूंऽऽ मरेल, तिथे चोर.

पार्सल पाठवलंय. गोळे, रेझिस्टर आणि तांब्याची रुंद पट्टी आहे. पट्टीने टॉवरचा पाया, तुझी ती नवी सळई आणि घराची अर्थिंग, सगळं एकत्र बांध. पट्टी सरळ ने, काटकोनात दुमडू नकोस. केबल घरात शिरते तिथे पार्सलातली छोटी डबी बसव. अरेस्टर म्हणतात तिला. जास्तीची वीज आली की ती अर्थिंगकडे ढकलते आणि बहुधा स्वतः मरते. तरीही ढग गडगडले की केबल बाहेरच्या बाहेर काढायची आणि तू खाली जायचंस.

एवढं करून वीज पडणार नाही का? पडायची तर पडेल. पडली तर तिला जमिनीची वाट सोपी जावी आणि तुझी अवघड, यासाठी हा खटाटोप. याच्या वरची हमी जो देईल तो दुकानदार समज.

तुझी हट्टी भाची
(कोणावर गेलेय ते बघ)


६ मे

चि. खार,

बस आधी खाली. टॉवरवर असशील तर उतर आणि मग वाच.

३० तारखेला वेल्डर दोन माणसं घेऊन आला. मी टॉवरच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. म्हटलं, "आधी मला काप." तो गांगरला. दादा खालून ओरडतोय, वहिनी मधल्या जिन्यात, आणि बेकरीवाला दुकान उघडं टाकून तमाशा बघायला. तेवढ्यात तुझं पार्सल आलं. मी वेल्डरला म्हटलं, "तू हातोडे आणलेच आहेस, तर रिकामा कशाला जातोस?" दुपारपर्यंत त्याच्याकडून टॉवरभोवती चार सळया ठोकून घेतल्या, पट्टी बांधून घेतली, गोळे आणि रेझिस्टरसुद्धा वर चढवून घेतले. पैसे दादाने आधीच दिले होते! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंधरा दिवस देतो," म्हणाला. "मग मी स्वतः करवत घेऊन चढेन." साठी उलटलेला माणूस, स्टुलावर चढला तर वहिनी धरते.

तार जोडली हो. तू जिंकलीस. आणि सूंऽऽ परत दुप्पट झाला.

मग काल सकाळी तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. मी वर हेडफोन लावून बॅटरीवर, तुझी आई खाली बोर्डापाशी. स्वयंपाकघर बंद, सूंऽऽ चालूच. माझी खोली बंद, तरी चालू. बैठकीची खोली, तेच. मग दादाची खोली बंद केली आणि आवाज असा मेला की मला क्षणभर वाटलं मीच बहिरी झाले. आणि त्या शांततेत घड्याळवाला स्पष्ट म्हणाला, "हजर. गुडघा दुखतोय, बाकी ठीक." अगं, त्याला गुडघा आहे हेसुद्धा मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं!

खालून दादाची आरोळी आली, "लाइट कोणी घालवली?" हजेरी संपवून मी दणादणा खाली उतरले. हा पलंगावर बसलेला, आणि उशीला टेकून एक छोटा रेडिओ. सगळे बँड पकडणारा. भिंतीतल्या प्लगात एक फालतू अडॅप्टर, हात लावला तर तापलेला. तोच चोर! रेडिओचा काटा कुठे होता, ओळख.

माझ्यावर.

मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "हवामान ऐकतो." मी म्हटलं, "माझ्या जागेवर कुठलं आलंय हवामान?" नुसता भिंतीकडे बघत राहिला. दोन महिने हा माणूस रोज सकाळी मला ऐकतोय, आणि वर येऊन सांगतो की टॉवर उतरव. मला काही उलगडा होईना. मी अडॅप्टर उपटला, त्याच्या रेडिओत सेल घालून दिले आणि म्हटलं, "ऐकायचं तर सेलवर ऐक, माझ्या माणसांना बुडवू नकोस."

तो म्हणाला, "पंधरा तारीख लक्षात ठेव."

मीही म्हटलं, "करवतीला धार लावून ठेव."

आत्या


१५ मे

ती. आत्यास आणि ती. बाबांस, जो उघडेल त्याला,

आज सकाळी हजेरी झाली नाही. तुझी जागा रिकामी होती, आत्या. आठही जण एकमेकांना विचारत होते, बाई कुठे? मग मीच हजेरी घेतली. माझा सेट तुझ्यापुढे काहीच नाही, घड्याळवाला मला ऐकूच येत नव्हता, पोस्टमास्तरांनी त्याचं 'हजर' पुढे पोचवलं. शेवटी तुझं नाव पुकारलं, तीनदा. कोणी बोललं नाही. त्या वेळी मला काय झालं ते मी लिहीत नाही.

तुमचे दोघांचे फोन बंद. इस्त्रीवाल्या काकूंचा लागला. त्या म्हणाल्या, "टॉवरवर पडली, माणसं ठीक आहेत, गल्लीत लाइट नाही." मग त्यांचाही बंद पडला. माणसं ठीक आहेत म्हणजे किती ठीक? मला उडवाउडवी नको. जे झालं ते सगळं लिहा. आज मला रजा मिळत नाही, नाहीतर पत्राच्या आधी मीच आले असते.

खार


१९ मे

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. पेन मी तुझ्या आत्याच्या हातून काढून घेतलं आहे, कारण ती लिहिणार 'काही झालं नाही' आणि तू विचारलंस काय झालं.

चौदा तारखेला दुपारी वीज टॉवरवर पडली. त्याआधी गडगडाट सुरू झाला तेव्हा आत्याने केबल बाहेरून काढली होती आणि खाली आमच्या खोलीत येऊन बसली होती. मला वाटलं होतं ती माझं ऐकणार नाही, वरच बसेल. ती म्हणाली, "तुझं ऐकून नाही आले, तिने लिहिलंय म्हणून आले." तेवढ्यात पडली. आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. मी आयुष्यभर लोकांच्या जळक्या घरांतून वही घेऊन हिंडलो, पण जळण्याच्या वेळी घरात कधी नव्हतो. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, हे मुद्दाम लिहितो.

नुकसान असं. तुझी डबी आतून काळी ठिक्कर. केबलचा गच्चीवरचा तुकडा जळाला. दाराची घंटा मेली. रेडिओ शाबूत. तुझी आई, आत्या आणि मी शाबूत. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर गेल्यामुळे सगळीकडे अंधार, म्हणून फोन बंद. केबल बदलेपर्यंत एक सकाळ हजेरीविना गेली.

संध्याकाळी बेकरीवाला आणि आणखी चौघे दारात आले. "आता तरी उतरवणार ना?" मी म्हटलं, "टॉवरवर पडली आणि टॉवरखालून जमिनीत गेली. पंचनामा मी स्वतः केला आहे, माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. तुमच्यापैकी कोणाच्या घराची अर्थिंग शेवटची कधी तपासली, ते सांगा." बेकरीवाला म्हणाला, "पण तुम्हीच तर वेल्डर आणला होता." मी म्हटलं, "आणला होता. आता तो तुमच्याकडे पाठवतो, तुमच्याही सळया ठोकून घ्या. माझ्या बहिणीच्या टॉवरला हात लावायचा तर आधी मला ओलांडून जा." आत्या जिन्यात उभी राहून ऐकत होती. मागाहून म्हणाली, "काय रे, पित्त झालंय का?"

आता जे मी तिलाही सांगितलं नव्हतं ते. टॉवर मला विजेच्या भीतीने उतरवायचा होता हे अर्धंच खरं आहे. मी तो रेडिओ घेतला तो ही बाई पहाटे उठून करते काय, ते ऐकायला. माझ्या त्या खेळण्यावर मला फक्त तीच ऐकू यायची, वरच्याच मजल्यावर म्हणून. समोरचे दूरचे, ते माझ्यापर्यंत कधीच पोचले नाहीत. मला ऐकू यायचं ते असं. ती नाव पुकारते, मग शांतता. पुन्हा पुकारते, पुन्हा शांतता. मग म्हणते, "बरं बरं, काळजी घ्या." दोन महिने रोज. खारू, मला वाटलं समोर कोणी उरलेलंच नाही. सगळे केव्हाच गेले आणि माझी बहीण रिकाम्या हवेची हजेरी घेतेय. हे तिला तोंडावर कसं विचारायचं? त्यापेक्षा टॉवर उतरवणं सोपं वाटलं.

आणि चार-चार वेळा ती पुकारत होती ती माझ्याच अडॅप्टरमुळे.

सोळा तारखेला केबल बदलून झाली. गल्लीत अजून वीज नव्हती, तिने सेट बॅटरीवर लावला आणि मला वर बोलावून हेडफोन माझ्या कानावर चढवले. गल्लीतले सगळे दिवे, पंप, चार्जर बंद. इतकी शांतता की तिने पहिलं नाव पुकारलं आणि उत्तर माझ्या कानात आलं, शेजारी बसून बोलावं तसं. पोस्टमास्तर. मग दुसरा. मग तिसरी, त्या बाईंना खोकला आहे. आठवा तो घड्याळवाला. त्याने आत्याला विचारलं, "काल कुठं होता? जीव टांगणीला लावलात की आमचा." मी हेडफोन काढून दिले आणि खाली निघून आलो. तुझ्या आईने विचारलं डोळ्यांना काय झालं. मी म्हटलं धूर गेला. कुठला धूर, ते तिने विचारलं नाही.

काल वीज परत आली. मी आपला सकाळी पलंगावर, रेडिओ सेलवर. आठ नावं झाली. नेहमी ती तिथे थांबते. काल थांबली नाही. म्हणाली, "तळमजला?"

मी उठून बसलो. मला परवाना नाही, माइक नाही, आणि ही सगळ्यांच्या देखत विचारतेय.

पुन्हा म्हणाली, "तळमजला, ऐकू येतंय ना? नाहीतर शेजाऱ्यांना फोन करावा लागेल."

मी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दांड्याने छताला तीन दणके दिले, इतके जोरात की गिलाव्याचा पोपडा पांघरुणावर पडला. रेडिओतून ती म्हणाली, "तळमजला हजर. तब्येत बरी दिसते."

तुझे,
बाबा